तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर घरची दिवाळी: किल्ला, कंदील, पणत्या आणि पावलं

दिवाळीच्या तयारीत लहान मुलाच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येतं, "जरा तिकडे खेळ बघू." घरात सगळ्यांना घाई असते, साफसफाई चाललेली असते, गॅसवर कढई असते, त्यामुळे ते वाक्य तोंडातून निघतं हे समजण्यासारखं आहे. पण या वयाच्या मुलाला खेळण्यापेक्षा मोठ्यांचं खरं काम जास्त हवं असतं. चिखल कालवणं, खळ लावणं, पाकळ्या तोडणं ही कामं त्याला मनापासून आवडतात आणि नेमकी हीच कामं दिवाळीत असतात. म्हणून इथे फक्त अशाच वस्तू घेतल्या आहेत ज्यांत मुलाचा हात खरोखर लागतो, आणि ज्या वाकड्यातिकड्या झाल्या तरी दारात शोभतात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. पहिली, एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटंच. मूल कंटाळायच्या आत काम थांबवलं तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून "आज काय करायचं?" म्हणून विचारतं. दुसरी, मुलानं केलेलं काम ते झोपल्यावर नीट करत बसू नका. सकाळी उठून ते बरोबर ओळखतं की आपली पणती कुणीतरी पुन्हा रंगवली आहे. नीटनेटकं हवं असेल तर तुमची एक वेगळी वस्तू करा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

कशाच्या आधी काय

दिवाळी वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला सुरू होते. त्याच्या साधारण आठवडाभर आधी किल्ल्याला हात घाला, कारण त्यावर पेरलेला हळीव उगवून हिरवागार दिसायला पाच-सहा दिवस लागतात. किल्ला वाळत असताना पणत्या भिजवून रंगवून घ्या. कंदील वसुबारसेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत, सलग न करता तुकड्यातुकड्यानं. तोरण आणि रांगोळी ताजीच हवी, ती त्या त्या दिवशी. फराळाचा मोठा घाणा ज्या दिवशी असेल त्या दिवशी सजावटीचं काही काढू नका. त्या दिवशी मुलाला ओट्यापासून लांब पाटावर बसवून कातणं हातात द्या आणि लाटलेल्या पोळीचे शंकरपाळे कापू द्या. तळणीच्या जवळ मात्र अजिबात नाही.

किल्ला

वाड्याचं अंगण किंवा सोसायटीचा कोपरा मिळाला तर उत्तम, पण किल्ला फ्लॅटच्या बाल्कनीतही होतो. खाली जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर जुना पाट किंवा प्लायवूडचा तुकडा. कडेला विटा लावून घेतल्या की चिखल बाहेर पसरत नाही. बाल्कनीची पाणी जाण्याची मोरी मोकळी ठेवा आणि तिच्या तोंडावर जाळी किंवा नारळाच्या शेंड्या ठेवा, नाहीतर माती पाइपात जाऊन बसते.

सामान साधं आहे: आठ-दहा विटा किंवा दगड, एक जुनं गोणपाट, दोन-तीन घमेली लाल माती, एक करवंटी, मूठभर हळीव किंवा मोहरी. माती कुंड्यांची जुनी असली तरी चालते, फक्त चाळून घ्या. काचेचा तुकडा, तार, खिळा काही राहता कामा नये, कारण मुलाचे हात त्यात कोपरापर्यंत जाणार आहेत.

विटांचा आणि दगडांचा ढीग रचणं तुमचं काम. ढीग हलत नाही ना हे हात दाबून बघा. मग निम्मी माती पाण्यात भज्याच्या पिठाइतकी सैल कालवा. गोणपाट त्यात बुडवायचं, दोन्ही बाजूंनी माखायचं आणि ढिगावर टाकायचं. त्याला पडणाऱ्या घड्या सरळ करू नका, त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी होतात. उरलेली माती घट्ट कालवून मुलाकडे द्या आणि मूठ मूठ थापू द्या. हा या सगळ्या दिवाळीतला सगळ्यात आनंदाचा वेळ असतो, तेव्हा जुने कपडे घालून तुम्हीही खाली बसा.

कुठला किल्ला करायचा हे आधी ठरवलं तर गोष्ट सांगत काम करता येतं. लहान मुलासाठी मला राजगड फार सोयीचा वाटतो. रायगडाआधी स्वराज्याची राजधानी इथे होती, आणि त्याची रचना मुलाच्या डोक्यात पटकन बसते: मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मधल्या ढिगावर एक उंच वीट उभी ठेवली की बालेकिल्ला झाला. तीन बाजूंना माती पसरून तळहातानं सपाट केली की माच्या झाल्या. सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते करायला मातीचा उभा गोळा घ्या आणि मुलाला त्यातून बोट आरपार घालू द्या. पुढच्या वर्षभरात कधी राजगडावर गेलात तर नेढ्यात बसून वारा खाताना त्याला हे बोट नक्की आठवेल. मोठ्या भावंडांना हेही सांगा की २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. त्या बारांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत.

बुरूज करायला ओली माती छोट्या स्टीलच्या पेल्यात दाबून भरायची, पेला उलटा करायचा, बुडावर दोन थापट्या मारायच्या आणि अलगद उचलायचा. हे मूल एकटं करू शकतं आणि थांबत नाही, म्हणून बुरुजांची संख्या आधी ठरवू नका. दोन बुरुजांमध्ये मातीची वळकटी ठेवली की तटबंदी. आइस्क्रीमच्या काडीनं आडव्या रेघा दाबल्या की पायऱ्या. करवंटी मातीत काठापर्यंत पुरली की पाण्याचं टाकं. दरवाजा काडेपेटीच्या रिकाम्या खोक्याचा.

आता पेरणी. हळीव भिजला की बुळबुळीत होऊन बोटांना चिकटतो, म्हणून कोरडाच घ्या आणि ओल्या मातीवर चिमटीनं भुरभुरा. वर मातीचा थर नको. पाणी झारीनं किंवा धारेनं घातलं तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. फवाऱ्याच्या बाटलीनं सकाळ-संध्याकाळ शिंपडा. ते काम पूर्णपणे मुलाकडे सोपवा. दोन-तीन दिवसांत पांढरे मोड दिसतात, आणि ते पहिल्यांदा त्यालाच दिसू द्या. चालण्याच्या वाटा आणि पायऱ्यांवर बी पडू देऊ नका, नाहीतर सगळा गड एकाच रंगाचा होतो.

मावळे बाजारातून आणायला हरकत नाही. मातीचे रंगवलेले मावळे कुंभारवाड्यात आणि दिवाळीच्या बाजारात मिळतात. सिंहासनावरच्या महाराजांची मूर्ती, दोन तोफा आणि चार मावळे एवढं पुरतं. भगवा झेंडा मात्र घरी, मुलाच्या हातानं, पतंगाच्या कागदाचा आणि खराट्याच्या काडीचा. काडीचं टोकदार टोक आधी मोडून टाका.

पणत्या

नव्या कोऱ्या मातीच्या पणत्या तेल फार पितात. त्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडवताना बुडबुडे निघतात आणि बारीक सूं असा आवाज येतो. मुलाला बादलीजवळ कान लावून ऐकू द्या. सकाळी काढून सावलीत पूर्ण वाळवा. नीट वाळल्या नाहीत तर रंग पोपडे धरतो.

रंग फक्त बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला आणि वात टेकते त्या चोचीवर रंग नको, तिथे तेल आणि ज्योत असते. ही सीमा मुलाला तोंडी सांगून कळत नाही, म्हणून काठाच्या खाली बोटभर अंतरावर पेन्सिलीनं रेघ मारून द्या आणि "या रेघेच्या वर आगीचं घर आहे" असं सांगा. आधी सगळ्या पणत्यांना गेरूचा एक हात द्या. तो वाळला की मुलाला पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायला सांगा: ब्रशनं नाही, कापसाच्या काडीनं. या वयात ब्रश फाकतो आणि मूल वैतागतं. कापसाच्या काडीचा ठिपका मात्र प्रत्येक वेळी गोल उमटतो. गेरूवर पांढरे ठिपके ही जोडी वारली चित्रांसारखी साधी आणि देखणी दिसते, चमकी आणि टिकल्यांची गरज नाही. चमकी तशीही ज्योतीजवळ नकोच.

आकाशकंदील

बांबूच्या काड्यांचा पारंपरिक कंदील सुंदरच, पण त्याचा सांगाडा बांधणं पाच वर्षांच्या हाताचं काम नाही. त्यात मूल फक्त बघत बसतं. म्हणून इथे कापट्यांचा कंदील देते. आत पांढऱ्या कागदाची नळी, बाहेर कापट्या पाडलेला रंगीत कागद. आतल्या नळीवर मुलाचं चित्र असतं आणि दिवा लागला की ते फटींमधून दिसतं.

सामान: चित्रकलेचा पांढरा कागद ३० बाय २० सेंमी, रंगीत कार्डपेपर ३० बाय २४ सेंमी, पतंगाच्या कागदाचे दोन-तीन रंगांचे ताव, सुतळी, बोथट टोकाची कात्री, खळ.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवा. पूर्वी तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी आहे, आणि या वयाचं मूल बोट चाटतंच, तेव्हा घालू नका. दोन दिवस फ्रिजमध्ये खळ चांगली राहते.

पहिल्या दिवशी चित्र. पांढऱ्या कागदावर मुलाला बोटांचे ठसे उमटवू द्या. रंग पाण्यात पातळ केलेले हवेत. जाड थर बसला की उजेड अडतो आणि रात्री तिथे नुसता काळा डाग दिसतो. पिवळा, केशरी आणि लाल दिव्यात खुलतात. कागद वाळायला टाकून तो दिवस तिथेच संपवा.

दुसऱ्या दिवशी कापट्या:

१. रंगीत कागदाची २४ सेंमीची बाजू निम्म्यावर दुमडा. आता तो ३० बाय १२ सेंमीचा दिसेल.

२. उघड्या कडेपासून तीन सेंमीवर जाड स्केचपेननं आडवी रेघ मारा. ही थांबायची रेघ.

३. घडीच्या बाजूनं त्या रेघेपर्यंत दोन-दोन सेंमीवर उभ्या रेघा मारा.

४. घडीकडून कापायला सुरुवात करायची आणि थांबायच्या रेघेला थांबायचं. पाच-सहा वर्षांचं मूल दोन्ही पदर एकत्र कापू शकतं, तुम्ही फक्त कागद ताणून धरा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी कापून तुम्ही द्या, त्याचं काम पुढे आहे. एखादी चीर रेघेच्या पुढे गेली तर मागून कागदाची पट्टी चिकटवा, बाहेरून कळतही नाही.

तिसऱ्या दिवशी जोडणी. पांढऱ्या कागदाची दीड सेंमी कड खळीनं माखून २० सेंमी उंचीची नळी करा, चित्र बाहेरच्या अंगाला. आतून वरच्या आणि खालच्या काठाला पुठ्ठ्याची दोन सेंमी रुंद पट्टी चिकटवली की नळी दबत नाही. मग कापट्यांचा कागद उघडा, त्याची वरची कड नळीच्या वरच्या काठाला आणि खालची कड खालच्या काठाला चिकटवा. बाहेरचा कागद चार सेंमी जास्त उंच आहे, त्यामुळे कापट्या आपोआप बाहेर फुगतात आणि कंदिलाला पोट येतं. खळ बोटानं लावायची, हे काम तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. कडा धरायला कपड्यांचे चिमटे लावा आणि तासभर हलवू नका.

झिरमिळ्या शेवटी. पतंगाच्या कागदाच्या दोन सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब दहा-बारा पट्ट्या. रंगांचा क्रम मुलाला ठरवू द्या. सगळ्या एकाच रंगाच्या लावायच्या म्हणालं तरी तसंच लावा.

टांगण्यासाठी वरच्या काठाला सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा, तीन सुतळ्या ओवा आणि वर एका गाठीत बांधा. दिवा तीन वॅटपर्यंतचा एलईडी किंवा बॅटरीवरची एलईडीची माळ. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब या कंदिलात चालणार नाही. नळीचा व्यास जेमतेम नऊ सेंमी आहे आणि तो बल्ब कागद तापवतो. होल्डर कागदाला टेकता कामा नये, तो त्याच्या स्वतःच्या वायरवर लोंबकळत न ठेवता वेगळ्या सुतळीला बांधा. वरचं आणि खालचं तोंड उघडं ठेवा. दिवाळी लवकर आली आणि परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर कंदील छपराखालीच लावा, आणि वायरीचा जोड कुठेही उघडा नाही हे बघा. बटण मात्र पहिल्या दिवशी मुलानंच दाबायचं, सगळे घरचे अंगणात किंवा गॅलरीत जमल्यावर.

पावलं आणि रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी या वयात जमत नाही. चिमटीतून रांगोळीची सारखी धार सोडणं मोठ्यांनाही सरावानं येतं. पण लक्ष्मीची पावलं मूल फार सुरेख काढतं. तांदळाचं पीठ पाण्यात दाटसर कालवून ताटलीत पसरा. मुलानं मूठ घट्ट मिटायची, मुठीची करंगळीकडची कड पिठात टेकवायची आणि जमिनीवर दाबून उचलायची. मधे बाक असलेला इवलासा तळवा उमटतो. दुसऱ्या मुठीनं दुसरं पाऊल. मग अंगठ्याच्या टोकानं एक मोठा ठिपका आणि करंगळीनं चार छोटे, की बोटं झाली. पावलं उंबऱ्यातून आत येणारी हवीत, म्हणून बोटं घराच्या दिशेला. ही पावलं खऱ्या तान्ह्या बाळाच्या मापाची होतात, आणि त्या मुलाच्या मुठीचं त्या वर्षीचं माप त्यात राहतं. एक जोडी जाड कागदावर उमटवून मागे साल लिहून ठेवा.

दारापुढे गेरूचा चौकोन सारवून त्यात झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी करा. खडूनं मोठं वर्तुळ काढा, मधे पणती ठेवा, आणि पिवळ्या-केशरी पाकळ्या मुलाला भरू द्या. विकतचे रंग वापरायचेच असतील तर ते मूल डोळे चोळणार हे धरून चाला: वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसवा आणि झाल्यावर लगेच हात धुवा.

तोरणाला दाभण मुलाच्या हातात नको. आंब्याची पानं धुऊन-पुसून देणं आणि फूल, पान, फूल असा क्रम हाती देत जाणं एवढं त्याचं काम. ओवायचं तुम्ही.

प्रत्यक्ष दिवाळीत

नरक चतुर्दशीला पहाटे उठवायचं असेल तर आदल्या रात्री लवकर झोपवा आणि उटणं, तेल, नवे कपडे त्याच्याच हातानं मांडून ठेवा. कोकणात आणि गोव्यात त्या दिवशी अंघोळीनंतर कारीट हे छोटं कडू फळ फोडतात आणि मग पोह्यांचे प्रकार खातात, दुधातले, ताकातले, गूळखोबऱ्याचे. तुमच्याकडे ही पद्धत असेल तर पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडण्याचा मान मुलाला द्या. फटाक्यांची भीती वाटत असेल तर जबरदस्ती नको. कानावर हात ठेवून खिडकीतून बघणंही दिवाळीच आहे.

पणत्या लावताना मुलाच्या अंगावर सुती, अंगाबरोबरचे कपडे हवेत. घेरदार परकर आणि लोंबती ओढणी दिवे लावून झाल्यावर. केस बांधलेले. वात मुलानं घालायची, तेल तुम्ही ओतायचं, काडी तुम्ही लावायची. पणत्या जमिनीवर जाण्यायेण्याच्या वाटेत न ठेवता कठड्याशी, पडद्यांपासून लांब ठेवा. जवळ पाण्याची बादली असू द्या. भाजलंच तर तो भाग लगेच नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका, आणि फोड आला असेल किंवा चेहरा, हाताचा पंजा भाजला असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

परदेशात असाल तर यातलं बरंच काही होतं. इंग्लंडात क्रेस नावानं मिळणारं बी म्हणजे आपला हळीवच, किल्ला ट्रेमध्ये करून खिडकीत ठेवा. अंधार लवकर पडत असल्यानं मुलाच्या झोपेच्या आधी कंदील बराच वेळ बघायला मिळतो, हा तिथला फायदा. बाहेर वारा-पाऊस असेल तर कंदील खिडकीच्या काचेशी आतून टांगा.

आवरताना

कंदील बऱ्याच घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवल्यावर बाहेरचा कागद फाटला असेल तर सोडवून टाका, आतली चित्राची नळी कापून सपाट करा आणि पावलांच्या कागदाबरोबर फाइलमध्ये ठेवा. पणत्यांतलं तेल पुसून त्या उन्हात वाळवा, नाहीतर खवट वास धरतात. किल्ला भाऊबिजेनंतर दोन-तीन दिवसांनी उतरवा आणि ते मुलाला आदल्या दिवशी सांगा. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात, सगळ्यांत वर झेंडा. हळीव मुळासकट मातीत मिसळून ती माती कुंड्यांत भरा. गोणपाट धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नका, ते कुजतं, आणि पुढच्या वर्षी नवं शोधत फिरावं लागतं.